धाकटीच्या दातांवरचं कुंकू

मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे. संगणकाच्या पोटात उभी खोचलेली, वीतभरही लांब नसलेली हिरवी पट्टी. दुकानदार मला रॅम म्हणतात. संगणकावर जे काम चालू असतं, ते तेवढ्यापुरतं मी धरून ठेवते आणि लाइट गेली की सगळं विसरून जाते. मग तुला तुझी कहाणी कशी आठवते गं, असं तुम्ही विचाराल मित्रांनो. खरं सांगू? मलाही ते उलगडलेलं नाही. पण आठवते खरी, आणि सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

माझा जन्म कुठल्यातरी परदेशी कारखान्यात झाला. गावाचं नाव माझ्या पाठीवरच्या कागदावर छापलंय म्हणे, पण स्वतःची पाठ कोणाला दिसते? एवढं आठवतं, की माझ्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ बसवली गेली. त्या दातांनीच मी संगणकाला घट्ट धरते, तेच माझं सर्वस्व. तिथून समुद्र ओलांडून मी आले ती थेट जयसिंगपूरच्या एका दुकानात. सौंदर्या तेव्हा कॉलेजात होती. तिच्या अप्पांनी तिला संगणक घेऊन दिला, आणि त्यात मी होते. बटण दाबायचा अवकाश, पडदा उजळायचा. शेजारपाजारचे बघायला यायचे. काय तोरा होता माझा तेव्हा!

पुढे सौंदर्याचं लग्न झालं. वाकळेत गुंडाळून, टेम्पोत भांड्यांच्या मधोमध बसवून तिनं संगणक कोल्हापूरला आणला, कळंब्याच्या सासरी. म्हणजे मी तिच्या माहेरची. हे मी कधी विसरले नाही, लाइट गेली तरी.

सौंदर्या आधी शिकवण्या घ्यायची. मग तिनं साडीच्या काठांची डिझाइनं करायला शिकून घेतलं आणि शिकवण्या सोडल्या. इथं माझी पंचाईत झाली. काठातला एकेक धागा म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका, आणि ते सगळे ठिपके मी धरून ठेवायचे. ओंजळीत मावेल तेवढंच धरता येतं ना? डिझाइन मोठं झालं की पडद्यावर नुसतं चाक फिरत बसायचं. सौंदर्या कपाळाला हात लावायची आणि मी आतल्या आत ओशाळायचे.

अशात कबनूरच्या चन्नाप्पा काकांनी तिला पहिलं काम दिलं. काकांचे यंत्रमाग आहेत. सौंदर्यानं ज्वारीच्या कणसांचा काठ काढायला घेतला. असा काठ आजवर कोणी केला नव्हता म्हणे. काकांना तो आवडला, पण एके सकाळी त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "पोरी, उद्या सकाळी माग चालू करायचं हायत. सांजच्यापातूर डिझाइन आलं तर तुझं, न्हायतर मी आपला जुनाच काठ चढवतो बघ."

काठ जवळजवळ पूर्ण होता, पण इतका मोठा झाला होता की माझ्या एकटीच्यानं तो उघडेना. म्हणून त्याच सकाळी संगणकाच्या दुकानातला मोहित नवी पट्टी घेऊन आला. माझ्या शेजारच्या खाचेत बसणारी माझी धाकटी. चकचकीत काळी, अंगावर पत्र्याचं जाकीट घातलेली. मोहितनं संगणकाची बाजू उघडली तेव्हा मला सगळं स्पष्ट दिसत होतं. तो धाकटीला खाचेत बसवणार, तेवढ्यात सौंदर्याच्या सासूबाई मल्लव्वा पुढे आल्या.

"आण हिकडं ती. नवी वस्तू देवाला दावल्याबिगार आमच्यात वापरत न्हाईत."

त्यांनी धाकटीला देव्हाऱ्यापुढं ठेवलं, भस्म लावलं, फूल वाहिलं आणि ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं. कुठं लावलं? जिथं सोनं चमकत होतं तिथं. सोनेरी दिसतंय म्हणजे तेच तिचं तोंड असणार, असं त्या माउलीला वाटलं. मित्रांनो, मला राग आला. इतकी वर्षं राबले, मला कधी कोणी कुंकवाचा टिपका लावला नव्हता. आणि ही कालची पोरगी येतेय तोवर देव्हाऱ्यात!

चहा पिऊन मोहितनं तिला बसवलं. संगणक सुरू झाला. काठ उघडला, कणसं दिसली, सौंदर्याचा चेहरा खुलला. पण दुपारी ती शेवटचे धागे भरत असताना पडदा एकाएकी निळा झाला आणि सगळं बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिनं मोहितला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"वहिनी, दोघींचा वेग येगळा हाय," मोहित म्हणाला. "जुनी चोवीसशेची, नवी बत्तीसशेची. एकत्र लावल्या की नवीला जुनीच्या चालीनं चालाय लागतंय. चालतंय तसं, पण कवा कवा न्हाय जमत. जुनी काढून बघा की."

म्हणजे दोष माझा? माझ्या डोक्यात गोंधळच गोंधळ. मी तर नेहमीच्याच चालीनं चालत होते. म्हातारा बैल आणि खोंड एका जुवाला जुंपले, तर गाडी कोणामुळे रखडते? मी धाकटीला विचारलंही, पण तीही गोंधळलेली. "अक्का, माझ्या तोंडात कायतरी कचकच करतंय," एवढंच ती पुटपुटली. मी म्हटलं, नखरे.

सौंदर्यानं वीज बंद केली, खाचेच्या कडेचे कान दाबले आणि मला उपसून खिडकीत वर्तमानपत्रावर ठेवलं. तिथं पडल्या पडल्या मला रडू येत होतं. आता भंगारवाला येणार आणि नेणार, हेच डोक्यात. पण धाकटी एकटी सुरूच होईना. नुसता पीं पीं आवाज. धाकटीला काढून मला एकटीला लावलं, तर संगणक सुरू झाला, पण काठ उघडेना. दोघींना लावलं, तर पुन्हा निळा पडदा. जुनी वाईट म्हणावी तर नवी एकटी चालत नाही. नवी वाईट म्हणावी तर सकाळी चालली कशी? सौंदर्याला कळेना, मला कळेना.

"जुनीला राग आला आसंल गं," मल्लव्वा म्हणाल्या. खरंच आला होता की, पण त्यानं काय संगणक बंद पडतो?

उन्हं कलायला लागली. काकांचा पुन्हा फोन आला, तो सौंदर्यानं उचललाच नाही. डोळे पुसायला तिनं हात वर केला आणि थबकली. दोन बोटांची टोकं लाल होती. तिनं धाकटीला उजेडात धरलं. दातांच्या फटीत हळदकुंकू वाळून बसलं होतं. सकाळी ओलं होतं तोवर कसंबसं निभावलं, वाळून कडक झालं तसं अडलं.

तिनं मोहितला विचारलं, तर तो चाचरत म्हणाला, "दिसलंतं मला, वहिनी. फुंकर मारलीती की. पर मावशी म्होरं उभ्या, देवाचं कुंकू पुसायचं कसं?"

मल्लव्वा दाराशीच होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे माझ्यामुळं व्हय?" त्या म्हणाल्या. "तुझं काम चांगलं व्हावं म्हणूनच लावलंतं गं."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण सौंदर्यानं कपाटातून खोडरबर काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "अव्वा, तुम्हीच पुसा. हळूच, एकाच दिशेनं. देवाचं कुंकू मी कशाला पुसू?"

मल्लव्वांनी धाकटीचे दात एकेक करून पुसले, लेकराचं नाक पुसावं तसे. मग सौंदर्यानं आम्हा दोघींना बसवलं. काठ उघडला. धाकटी माझ्या चालीनं चालत होती आणि एकदाही कुरकुरली नाही. धागा भरला, शेवटचा ठिपका पडला, आणि दिवे लागायच्या आत डिझाइन कबनूरला पोचलं. काकांचा निरोप आला, "चढवतो मागावर." सौंदर्या मल्लव्वांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आनंद झाला की माणसं रडतात, हेही मला कधी उलगडलेलं नाही.

काही दिवसांनी काकांनी त्या काठाच्या कापडाचा पहिला तुकडा पाठवला. मल्लव्वांनी तो आधी देवापुढं ठेवला. मग आम्ही दोघी जिच्यात राहतो त्या संगणकाच्या पेटीच्या कपाळाला, बाहेरून, कुंकू लावलं आणि तो तुकडा पेटीवर पांघरला. "हिनंच केलंय की सगळं," त्या म्हणाल्या. हिनं म्हणजे कोणी? मी, धाकटी, की सौंदर्या? मी अजून विचारच करते आहे.

पण मित्रांनो, त्या कापडानं पेटीच्या मागची पंख्याची जाळी झाकली आणि आम्ही दोघी आत उकडून निघालो. सौंदर्यानं ते पाहिलं. कापड ओढायला तिनं हात घातला, मल्लव्वांच्या तोंडाकडे बघितलं, आणि फक्त मागची कड उचलून वर दुमडली.

तुमच्याही घरात माझ्यासारखी कोणी जुनी असेल. तिला काढून फेकण्याआधी एकदा तिचे दात पुसून बघा. वीज बंद करून, कडेला धरून, कोरड्या हातानं. आणि लाड करायचे असतील तर जरूर करा, आम्हाला ते हवेच असतात. फक्त वारा यायला तेवढी जागा ठेवा.