खोडलेलं ‘नॉर्मल’

माझी मुलगी माझ्याशी खोटं बोलत होती. संशय मला पहिल्या आठवड्यातच आला, खात्री तिसऱ्या आठवड्यात झाली. मी कुलपं आणि चाव्यांचं दुकान चालवतो, एकतीस वर्षं. चावी हरवली म्हणून आलेल्या माणसाची ती खरंच हरवली की बायकोने काढून घेतली, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. दुसऱ्याचं घर उघडून घ्यायला आलेले दोघे जण मी दारातूनच हाकलले आहेत. आणि घरातली बावीस वर्षांची पोरगी मला टोपी घालते म्हणजे काय?

ती विद्यापीठात बायोमेडिकल सायन्स शिकते. ते काय असतं हे दुसऱ्याला समजावून सांगणं मला अजून धड जमत नाही. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला दर दोन महिन्यांनी विचारतो. मुलगी डॉक्टर होणार का? नाही. मग नर्स? नाही. मग औषधांच्या दुकानात बसणार? अरे नाही बाबा, रक्त तपासायला शिकते. त्यावर तो म्हणतो, ते तर हल्ली मशीन करतं. यावर मी त्याच्यावर खेकसतो. आणि उरलेला राग घरी आणायचो. जेवताना पोरगी शरीराबद्दल काही सांगायला लागली की माझं ठरलेलं वाक्य होतं, "तू काय डॉक्टर थोडीच आहेस." बायको डोळे वटारायची. पोरगी हसायची. म्हणजे ती हसते असं मला वाटायचं.

या वर्षी तिला मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये प्रशिक्षण मिळालं. आठवड्यातून तीन दिवस, वर्षभर. ते पूर्ण केलं तरच लॅबमध्ये काम करायचं लायसन्स मिळतं, नाहीतर पदवी नुसती भिंतीवर टांगायची. साठ जणांतून नऊ जणांची निवड झाली, त्यात आमची एक. त्या दिवशी मी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि चष्मेवाल्याला मुद्दाम कारण सांगितलं.

त्याच खुशीत मी तिला सरावासाठी रक्तसुद्धा दिलं. काचेच्या पट्टीवर एक थेंब घ्यायचा आणि दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पुढे सारायचा, की रक्ताचा पातळ पापुद्रा पसरतो. हात बसावा लागतो म्हणे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने माझं बोट टोचून सहा-सात काचा केल्या. सरावाला नॉर्मल माणसाचं रक्त लागतं, असं ती म्हणाली. मी बायकोला म्हटलं, ऐकलंस ना, एवढ्या वर्षांनी कोणीतरी मला नॉर्मल म्हटलं. काचा संध्याकाळी धुऊन टाकते असं पोरीने सांगितलं आणि विषय संपला.

त्यानंतर आठवड्याभरात पोरीचं वागणं बदललं.

पहिली गोष्ट, ती माझ्याकडे बघत बसायची. मी वर बघितलं की नजर चुकवायची. तुमच्या डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणत एकदा तिने माझी खालची पापणी ओढून आत बघितलं, आणि डोळ्यात काही गेलेलं नव्हतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी जिन्यात दम खायला थांबलो की मागून येणारी तिची पावलंही थांबायची. एकदा तर पोट साफ होतं का, रंग कसा असतो, असलं काहीतरी विचारलं. बापाला विचारायची गोष्ट आहे का ही? मी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

मग डॉक्टरचं प्रकरण सुरू झालं. विम्यासाठी तपासणी करून घ्या. मी म्हटलं, विम्यावाल्यांनी मागितलीय का? ती पाणी आणायला उठली. आईचे गुडघे दुखतात, तिच्याबरोबर दवाखान्यात जा. बायको तर त्याच सकाळी टाकीवर चढून झाकण लावून आली होती. तिसऱ्या वेळी म्हणाली, दवाखान्याच्या कपाटाचं कुलूप अडकलंय, डॉक्टरांनी बोलावलंय. माझ्या धंद्याचा विषय, म्हणून मी गेलो. चावी घातली, फिरवली, लोण्यासारखी फिरली. डॉक्टर हसून म्हणाले, आलाच आहात तर बसा जरा, रक्त वगैरे बघून घेऊ. मी हत्यारं पिशवीत टाकली आणि तरातरा निघून आलो. मला डॉक्टर लोकांचा भरवसा नाही. गेलं की काहीतरी काढतातच.

आता मला सांगा, कुठल्याही शहाण्या माणसाने यातून काय समजायचं? मी समजलो, की मला घराबाहेर काढायचा डाव आहे. माझ्यामागे घरी कोण येतं? कोणी मुलगा? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. पण माझ्याकडे न बघता म्हणाली. म्हणजे हीसुद्धा सामील.

तिसऱ्या आठवड्यात हॉस्पिटलमधून फोन आला. लॅबच्या सामानाच्या खोलीचं कुलूप बदलायचं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. लेकीच्या लॅबमध्ये चाललो होतो, उगाच तेलकट हातांनी कशाला जायचं. काम सुरू करण्याआधी पांढऱ्या कोटातल्या मोठ्या बाईंना सहज म्हटलं, आमची मुलगी असते इथे, जरा बोलावता का. त्यांनी वहीत नाव शोधलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या मुलीचं प्रशिक्षण विद्यापीठानेच थांबवलंय, तीन आठवडे झाले, असं त्या म्हणाल्या.

पोरगी त्याच दिवशी सकाळी आठला डबा घेऊन, "लॅबला जाते," म्हणून निघाली होती.

मी कुलूप बसवलं. एक स्क्रू तिरका गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी आलो तेव्हा घरात कोणी नव्हतं. तिच्या टेबलाच्या ड्रॉवरला कुलूप आहे. ती चौदाची असताना मीच बसवून दिलं होतं, आणि तिच्या परवानगीशिवाय उघडणार नाही असा शब्दही दिला होता. तो शब्द अर्ध्या मिनिटात मोडला. आत काचा ठेवायची लाकडी पेटी होती आणि पेटीखाली विद्यापीठाचं पत्र. कोणाचं तरी रक्त परवानगीशिवाय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणल्याबद्दल चौकशी. शुक्रवारी समितीपुढे हजर राहावं, अन्यथा प्रशिक्षण कायमचं रद्द. पेटीत एकच काच होती. कडेच्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात ‘नॉर्मल’ लिहिलेलं, आणि त्यावर लाल पेनाने काट मारलेली.

मी पत्र दोनदा वाचलं. पोरीने हॉस्पिटलमधून कोणाचं तरी रक्त चोरलं. दुसरं काय? त्या मुलासाठी असणार, जो कोण असेल तो. तीन वर्षांची मेहनत पोरगी कोणासाठी तरी मातीत घालत होती आणि शुक्रवारला दोन दिवस उरले होते. संध्याकाळी ती आली. लॅबमध्ये कसं चाललंय, मी विचारलं. छान, असं म्हणून ती माझ्या नखांकडे बघत राहिली. मला इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं, की मी आत जाऊन आडवा झालो. बायको म्हणाली, आज बरं नाही का तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी ती काच रुमालात गुंडाळून मी विद्यापीठात गेलो. तिच्या शिक्षिकेची खोली दुसऱ्या मजल्यावर. बाहेर बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवर मोठा तक्ता होता, ही पदवी घेऊन माणूस कुठे कुठे जातो त्याचा. हॉस्पिटलची लॅब, रक्तपेढी, पोलिसांची प्रयोगशाळा, नवी औषधं तपासणाऱ्या कंपन्या, साथीच्या रोगांचं खातं, संशोधन, शिकवणं. तीन वर्षांत मी हा तक्ता कधी बघितला नव्हता. चष्मेवाल्याला सांगायला किती सोपं गेलं असतं. आणि आता यातलं एकही दार उघडणार नव्हतं.

शिक्षिका माझ्याच वयाची, आवाज हळू. चौकशीबद्दल पालकांशी बोलता येत नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं. मी रुमाल सोडून काच टेबलावर ठेवली. तिने ती उचलून उजेडाकडे धरली, चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, नियमाचं तेवढं सांगते. बाहेरचं रक्त इथे आणायचं नाही, अगदी सरावाच्या नावाखालीसुद्धा. तिने आणलं, चूक केली. पण नाव सांगितलं तर ताकीद देऊन परत प्रशिक्षणाला पाठवू. ती नावच सांगत नाही.

"चोरीचं असेल तर कसं सांगेल?" मी म्हणालो.

शिक्षिका माझ्याकडे बघतच राहिली. "चोरी? अहो, हे कोणाला कळलंसुद्धा नसतं. ती स्वतः माझ्याकडे काच घेऊन आली."

मग पालकांचा नियम बाजूला ठेवून तिने सगळं सांगितलं. विद्यार्थी रोग्याच्या काचेशेजारी एक निरोगी माणसाची काच ठेवतात, तुलनेसाठी. पोरीने घरून आणलेली काच अशीच ठेवली, वर ‘नॉर्मल’ लिहिलं, अहवालही दिला, त्याला चांगले गुणही पडले. सगळे एकच चूक करतात, शिक्षिका म्हणाली. रोग्याची काच तासभर बघतात आणि नॉर्मलकडे नजर टाकून पुढे जातात. आठवड्याने सामान आवरताना पोरीने ती काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि पहिल्यांदा नीट बघितली.

मी म्हटलं, मला दाखवा.

तिने आधी आपल्या कपाटातली एका निरोगी माणसाची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. गोल गोल लाल टिकल्या, भरलेल्या, मध्ये जराशा फिक्या. मग आमची लावली. टिकल्या बारक्या झाल्या होत्या, आणि मध्ये सगळं रिकामं, कडेला बारीक रिंग. माझ्या दुकानातल्या वॉशरसारख्या.

"याचा अर्थ काय?"

"लोह कमी पडलंय. पापण्या, नखं फिकी पडतात, दम लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषात असं दिसलं, की आत कुठेतरी रक्त झिरपत नाहीये ना, हे शोधावं लागतं. लवकर शोधलं तर बरं असतं." ती काच काढता काढता म्हणाली, "नाव दिलं तर आमचं पत्र त्या माणसाकडे जाईल, आणि तो ते फाडून टाकेल, असं ती म्हणते. आधी त्याला कसंही करून डॉक्टरकडे नेते म्हणाली. तो तिचं ऐकत नाही म्हणे. जिना चढताना दोनदा थांबतो, तरी ऐकत नाही."

शिक्षिकेची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, हे मी सांगितलंच. येताना मी दोनदा थांबलो होतो.

मी खुर्चीत बसून राहिलो. दवाखान्याचं न अडकलेलं कुलूप आठवलं. पापणी आठवली. मागून थांबणारी पावलं आठवली. ज्या पोरीवर मी पाळत ठेवून होतो, ती तीन आठवडे मला शुक्रवारच्या आत दवाखान्यात न्यायला धडपडत होती. आणि मी डोळ्यांत तेल घालून नेमकं चुकीचं बघत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"नाव लिहा," मी म्हणालो. "माझंच रक्त आहे ते. मी राजीखुशीने दिलंय, असंही लिहा."

पोरगी खाली वाचनालयात होती. डब्याचे तीन आठवडे तिने तिथेच काढले होते. माझ्या हातात काच बघून तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्यासमोर बसलो. ड्रॉवर उघडला, शब्द मोडला, हे आधी सांगितलं. तिने समोरचं पुस्तक मिटलं. मग मी विचारलं, सरळ सांगितलं का नाहीस?

"सांगून काय झालं असतं, बाबा?" ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणाला असता, ते मला माहीत होतं."

मलाही माहीत होतं. वाक्य माझंच होतं. तिथे आजूबाजूला मुलं वाचत बसली होती, म्हणून मी फक्त तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो उलटा केला आणि परत माझी नखं बघायला लागली. या वेळी मी बघू दिली.

शुक्रवारी तिला लेखी ताकीद मिळाली आणि सोमवारपासून ती लॅबमध्ये परत गेली. त्याच सोमवारी मी हॉस्पिटलमध्ये बाही वर करून बसलो होतो. माझ्या रक्ताची नळी तिने हातात घ्यायची नाही, नातेवाइकाचं रक्त दुसऱ्याने तपासायचं, हाही नियम आहे म्हणे. या वेळी तिने नियम पाळला. मात्र जाता जाता सामानाच्या खोलीच्या दाराशी थांबून तिने मला तो तिरका स्क्रू दाखवला.

रिपोर्टात तेच आलं, जे तिला काचेवर दिसलं होतं. पुढे नळी घालून पोटाच्या आत बघितलं, तिथे एक गाठ सापडली. लहान आहे, वेळेवर हाती लागलीय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. मला भीती वाटते, ते खोटं कशाला बोलू. मोठे डॉक्टर कागद उलटेपालटे करत होते. तुम्हाला दुखत नव्हतं, कुठे दाखवलं नव्हतं, मग कळलं कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलीने ओळखलं.

"अच्छा, मुलगी डॉक्टर आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टर नाही. तिने बघितलं, म्हणून मी तुमच्यापर्यंत आलो."

मग ती नक्की काय करते, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता, तरी पूर्ण सांगितलं.