पिवळ्या घरातला पाळणा

आमचे हे दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासतात आणि घरी आले की कॉम्प्युटरवर गाव चालवतात. खेळच तसा आहे. घरं बांधायची, माणसं वसवायची, त्यांची जेवणंखाणं बघायची. कोपऱ्यातल्या पिवळ्या घरात आम्ही दोघं. माझं नाक यांनी उगाच मोठं केलंय, त्यावरून आमचं एकदा वाजलंही होतं.

पण गावातली माणसं म्हातारी होऊन एकेक करून जायला लागली. लग्न कोणी करेना, मूलबाळ होईना, अर्धी घरं ओस. मग यांनी कुठूनसा एक मॉड, म्हणजे खेळात नवी भर घालणारा जोडप्रोग्रॅम, आणून खेळाला जोडला. तो आपणहून लग्नं लावतो, घरोघरी पाळणे हलवतो. बाळ झालं की खेळ नाव विचारतो. मग हे मला ओरडून विचारतात आणि मी कणीक मळता मळता तोंडाला येईल ते सांगते.

"तुमच्या आईंना हा मॉड मिळाला असता, तर माझे कान वाचले असते," मी एकदा म्हटलं. हे हसले. आम्हाला मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून बरीच वर्षं झाली. तो विषय आम्ही मिटवला होता. निदान मी तसं धरून चालले होते.

रविवारी हे आंघोळीला गेले आणि मी सहज पडद्याकडे पाहिलं. पिवळ्या घरात पाळणा. माझं डोकंच फिरलं. बाहेर आल्या आल्या यांना धारेवर धरलं.

"मॉडनं केलं गं. तो सगळ्याच घरांत करतो," हे कान पुसत म्हणाले. "काढून टाकू का?"

मला पटलं. कुणाच्या घरात काय घालू नये, हे त्या मॉडला काय कळणार? मीच काढायला बसले. पाळण्यावर क्लिक केलं, तर बाळाचं नाव आलं.

हे नाव यांनी मला विचारलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी गच्चीवर बसून आम्ही मुलीसाठी ठरवलं होतं, तेच.

हे माझ्याकडे बघत नव्हते. इतकी वर्षं मला वाटायचं, ते नाव माझ्या एकटीच्याच लक्षात आहे. मला रडू आलं, आवरेना. पडद्यावर पाळण्यातली तीही रडत होती.

"अहो," मी खुर्ची सोडली, "भूक लागली असेल तिला. बघा ना."