सव्वापाच गाठींचा दोरा

मित्रांनो, मी वरवट बकालच्या शाळेतला भारताचा एक जुना नकाशा आहे. कपाटामागे गुंडाळून पडलोय. एका कडेला वाळवी लागली आहे. लागू दे! माझ्यापायी जे झालं, त्यापुढे वाळवीचं काय एवढं?

महाराष्ट्र नवा नवा झाला, त्या वर्षी मी भिंतीवर चढलो. काय थाट होता माझा! भगवंतराव गुरुजींनी एक पांढरा दोरा केला होता, दर शंभर मैलांना एक गाठ. तो माझ्यावर ताणायचा, गाठी मोजायच्या, की कुठलंही अंतर सांगून मोकळे. मोठी माणसंसुद्धा विचारायला यायची आणि मी फुगून जायचो.

एका सकाळी मंजुळाबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. छातीचं दुखणं वाढलं होतं. मुलाला बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचा एकुलता मोतीराम नुकताच दिल्लीला नोकरीला लागला होता.

“गुरुजी, मोतीराम इमानानं आला तं किती येळ लागते हो?”

गुरुजींनी दिल्लीच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत दोरा ताणला. “सव्वापाच गाठी. म्हणजे सव्वापाचशे मैल. तीन तास धरा, बाई.”

“तीनच तास? मंग आत्ताच काऊन तार करा लागते? नवी नोकरी हाये पोराची. लयच झालं तं बलावजा.”

गुरुजींनी कौतुकानं तो दोराच त्यांना देऊन टाकला. नागपूरहून पुढे रेल्वे, मग शेगावहून एस.टी., हे गुरुजींच्या ध्यानातच आलं नाही. आणि मी मेला भिंतीवर ताठ!

पंधरा दिवसांनी, सोमवारी तार गेली. ती मोतीरामच्या हाती पडली मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी सकाळी तो विमानात बसला. इकडे मंजुळाबाई खाटेवर पडून दोऱ्याच्या गाठी चाचपत होत्या. “तीन तास नाई झाले काय अजून?” एवढंच विचारत होत्या. दुपारी त्या गेल्या. मोतीराम तेव्हा नागपूरच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत होता. हे सगळं नंतर गुरुजींनी रिकाम्या वर्गात मला सांगितलं आणि ढसाढसा रडले.

गुरुवारी मोतीराम पोचला, तेव्हा चितेची राख झाली होती. तो तसाच शाळेत आला. दोरा त्यानं टेबलावर ठेवला.

“इमान तीन तासातच उतरलं, गुरुजी. तुमचं काई चुकलं नाई.”

मग तो माझ्याजवळ आला. नागपूरपासून पश्चिमेकडे बोट फिरवत राहिला. “आपलं गाव कुठं हाये यात?”

आमचं गाव माझ्यावर छापलेलंच नाही. त्याच दिवशी गुरुजींनी मला उतरवलं.

मित्रांनो, मला जपा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? एकच मागतो. घरात कुणी आजारी असलं, तर लांबच्या माणसाला किती वेळ लागेल हे मला विचारत बसू नका. आधी तार करा.