उठलेल्याचे हात

शनिवारी दुपारी चार वाजता मूर्तीवरचे कापड निघाले. कबरीतून उठलेल्या ख्रिस्ताचे दोन्ही तळवे गुळगुळीत होते.

आईने वाकून दोन्ही तळवे नीट पाहिले. जुन्या मूर्ती दुरुस्त करायचा हा कारखाना तिचा. आठवडाभर ती तापाने पडून होती, म्हणून हे काम धाकट्या लेकीने एकटीने उरकले होते. लाकडाला कीड लागून चाळण झालेली. इथली रीतच अशी, की रंगाला हात लावण्याआधी दिसेल ते भोक लुकणाने बुजवायचे. धाकटीने दिसेल ते बुजवले होते.

"खिळ्यांच्या जखमा कुठे गेल्या गं?"

धाकटीने पुढे होऊन तळवे पाहिले. "अगं, मला वाटलं कीड... तूच सांगतेस ना, भोक दिसलं की भर!"

"भर म्हटलं होतं. डोळे मिटून भर असं नव्हतं म्हटलं."

मूर्ती पोचवायचे काम थोरल्या भावाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चमध्ये उभी राहायला हवी होती. "राहू दे की आई," तो म्हणाला. "उठला म्हणजे बराही झालाच असणार."

"डॉक्टरच लागून गेलास! अरे, शिष्यांना तो भूत वाटला तेव्हा त्याने काय दाखवलं? हातच ना? मरणाला हरवून आला, तरी जखमा तेवढ्या ठेवून आला. त्याचं सगळं वैभव त्यांतच आहे. आणि आपण ते लिंपून द्यायचं?"

"लुकण दगड झालंय. तळवा फुटला तर उद्या थोटा देव देणार आहेस?"

आईने खिशातला उजवा हात बाहेर काढला. मुले लहान असताना एकदा व्हार्निशचा डबा पेटला, तेव्हा तिने तो नुसत्या हाताने उचलून अंगणात फेकला होता. आत ही दोघे झोपलेली होती. तेव्हापासून त्या हाताची कातडी आखडलेली, दोन बोटे एकमेकांना चिकटलेली. गिऱ्हाईक आले की तो हात खिशात जाई, फोटोत पाठीमागे. पण बारीक कामाला तोच. ती दोन बोटे कधी थरथरत नसत.

"मनगट घट्ट धर," ती धाकटीला म्हणाली, आणि हातगिरमिट फिरवू लागली.

उजवा तळवा उघडला. धाकटी मूर्तीकडे कमी आणि आईच्या हाताकडेच जास्त पाहत होती. इतक्या जवळून तिने तो कधी पाहिलाच नव्हता. डावा तळवा उघडता उघडता टक्कन आवाज आला. केसाएवढी चीर मनगटाकडे सरकली आणि थांबली. आईने गिरमिट काढले, चिरेत सरस भरला, वर कापडाची पट्टी आवळली.

"टिकेल?" थोरल्याने विचारले.

"ते लाकडाला ठाऊक. आणि तू गं, बघत काय बसलीस? जखमांच्या कडांना सोनं लाव."

धाकटीने लावले.

रविवारी सकाळी सात वाजता गाडी निघाली. पट्टी सोडली होती, चीर होती तिथेच होती. चर्चकडचा रस्ता खड्ड्यांचा. थोरला गाडी चालवत होता. मागे मूर्तीशेजारी आई बसली होती, उजवा हात खिशाबाहेर, मूर्तीचा डावा तळवा खालून तोलून धरलेला.

धाकटी कारखान्यातच थांबली होती. मूर्ती नीट पोचल्याचा थोरल्याचा फोन आठ वाजेपर्यंत आला नव्हता.