पुढच्या आठवड्याच्या चांदण्या

मास्तर शिंपी होते, पण टोप्या शिवण्यापेक्षा घालण्यात त्यांचा हात जास्त चालायचा. गिऱ्हाइकाच्या पँटचा खिसा मुद्दाम शिवून टाकायचा, आणि तो पैसे काढायला चाचपडू लागला की पोट धरून हसायचं, हा त्यांचा जुना उद्योग. अशा माणसाचं लिव्हर बसलं, आणि डॉक्टरांनी पहाऱ्याला कोणाला नेमलं, तर बायकोला.

"लिव्हर रक्तातली घाण काढेना झालंय," डॉक्टर म्हणाले होते. "ती मेंदूवर चढते, माणूस भ्रमात जातो आणि त्याला स्वतःला कळतही नाही. हे सिरप रोज घ्यायचं. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. आणि वहिनी, रोज सकाळी यांना कागदावर एक चांदणी काढायला लावा, पाच टोकांची. वाकडी आली की उचलून इकडे आणा."

आता दुकानात संडास नव्हता. माप घेता घेता मास्तर टेप गिऱ्हाइकाच्या गळ्यातच सोडून समोरच्या हॉटेलात धूम ठोकायचे. हॉटेलवाला गल्ल्यावरून ओरडायचा, "मास्तर, तिसरी खेप झाली! एक चहा तरी घ्या!" सगळी गल्ली खिदळायची. दुसऱ्यांची फजिती करणाऱ्याला स्वतःची कुठली सोसवणार?

एका रविवारी डोकं ठणठणीत असताना मास्तरांनी आठ दिवसांच्या चांदण्या एका बैठकीत काढून टाकल्या. तारखांसकट. सकाळी बायकोने कोरा कागद दिला की म्हणायचं, "तू अशी डोक्यावर उभी राहिलीस की हात कापतो गं." मग खिडकीकडे तोंड करून पेन्सिल फिरवल्यासारखं करायचं आणि तयार कागद पुढे करायचा. सिरप बेसिनमध्ये. तीन दिवस मास्तर मनातल्या मनात असे खूश, की शिवताना शीळ घालायचे.

गुरुवारी त्यांनी शनिवारचा कागद दिला. बायकोने चांदणी बघितली, तारीख नाही बघितली. त्या सकाळी मास्तरांना डोकं इतकं साफ वाटत होतं, इतकं साफ, की वर्षभरात वाटलं नव्हतं. कात्री काखेत मारून ते निघाले. बायको डबा घेऊन मागोमाग दुकानात येणार होती.

पुढचं त्यांना आठवत नाही.

डोळे उघडले ते तिसऱ्या दिवशी, हॉस्पिटलात. नाकात नळी होती. तेच सिरप नळीतून पोटात गेलं होतं, खालून एनिमाही दिला होता. बायको उशाशी बसली होती. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज.

"हे काय?"

"कात्री लागली."

"कोणाच्या हातून?"

तिने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "पाणी हवंय का?"

डॉक्टरांनी हात पुढे करून तळवे उभे धरायला लावले. हात फडफडले नाहीत. "मेंदूवरचं उतरलंय," ते म्हणाले. "दर वेळी उतरेलच असं नाही हं, मास्तर."

दुकान बंद झालं. घरी बायको सिरप पाजून तोंड उघडून दाखवायला लावायची, संडासाच्या दाराबाहेर उभी राहून मोजायची. एका सकाळी तिच्यासमोर त्यांनी चांदणी काढली. एकेक टोक सुईसारखं.

"बघ की!"

तिने तारीख कॅलेंडरशी ताडून बघितली. "डोकं कसं वाटतंय?"

"एकदम साफ," मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणता थबकले. गुरुवारीही असंच साफ होतं. अगदी असंच.

"अगं... आत्ता मी ठिकाणावर आहे ना?"

"मला काय विचारता? मला तरी कुठे कळलं होतं?"

त्यांनी आधारासाठी हात पुढे केला. तिची खुर्ची रोजच्या जागी नव्हती. तिने ती मागे सरकवली होती, त्यांचा हात पोचणार नाही एवढी.