लॅकर अजून ओलं आहे

गिटारवरचं लॅकर मंगळवारीच सुकलं होतं. खडखडीत. नितेशने नख लावून पाहिलं, गाल टेकवून पाहिला, कुठेच चिकटत नव्हतं. तरी रविवारी अकरा वाजता सीतारामकाका दारात उभे राहिले आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "काका, अजून ओलं आहे. हात नका लावू."

काका चप्पल काढता काढता थांबले. "मार्चाच्या उन्हात?"

"थिनर जरा चुकलं."

"हं." काकांनी नाक वर करून वास घेतला. तीस वर्षं विक्रोळीतल्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांना स्प्रे मारलेला माणूस तो, ओल्या रंगाचा वास त्यांना जिन्याखालून यायचा. पिशवीतून भज्यांचा पुडा काढून स्टुलावर उलगडला. "बरं, खा मग. गरम आहेत तोवर."

नितेशचा जीव भांड्यात पडला. अजून एक रविवार मिळाला.

नितेश म्हणजे विक्रोळी पूर्वेच्या टागोर नगरात तळमजल्याच्या खोलीत एकटा राहणारा सव्वीस वर्षांचा पोरगा. बाबा रिटायर झाले आणि आईला घेऊन कणकवलीकडे गावी निघून गेले. बहीण अक्षता मुलुंडला दिलेली. ती फोन करते, मागे तिचं बाळ रडायला लागतं, ती "करते रे नंतर" म्हणून ठेवते. नंतर म्हणजे पुढच्या आठवड्यात.

तो एसी रिपेअर करायचा. दिवसाला चार-पाच घरं. लोक दार उघडतात, एसीकडे बोट दाखवतात, गार हवा आली की त्याच्याकडे न बघता दार लावतात. ह्याचं त्याला वाईट वगैरे वाटत नव्हतं. फक्त डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, काम असलं की माणूस येतो, काम संपलं की जातो. बिनकामाचं कोणी कोणाकडे येत नाही.

गिटार बनवायला तो मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला. पहिली वाकली. दुसरीचा सूर लागेना. तिसरी बरी झाली, चौथी अंधेरीच्या एका मुलाने नेली आणि वाजवतानाचा व्हिडिओ टाकला. तो व्हिडिओ फिरत फिरत पार्कसाइटला काकांच्या सुनेच्या, प्रियंकाच्या, फोनवर पोचला. तिने सासऱ्यांना दाखवला. नोव्हेंबरात एका रविवारी काका रेल्वेचा पूल ओलांडून पत्ता विचारत विचारत दारात.

हातात एक काळापांढरा फोटो. घाटकोपरचं स्टेज, मागे पंचशील झेंडा, पुढे पाच-सहा जण, आणि कडेला गळ्यात गिटार घेतलेला काटकुळा पोरगा.

"हा मी," काका म्हणाले. "भीमगीतांची पार्टी होती आमची. ढोलकी, बेंजो सगळ्यांकडे असायचं. गिटार फक्त आमच्याकडे."

"कुठे आहे आता ती?"

"कुर्ल्याला मित्राच्या घरी ठेवलेली. सव्वीस जुलैच्या पुराच्या पाण्यात फुगली, पावासारखी." ते हसले. "आता आमची पार्टी चौदा एप्रिलला परत बसणार आहे. उरलेत पाच जण. मला गिटार पाहिजे, पण नवी नको. नवी कोरी घेऊन बसलो तर वस्तीतली पोरं म्हणतील, म्हाताऱ्याला हौस आली. अशी कर, की बघणाऱ्याला वाटावं ही कुठे गेलीच नव्हती."

असलं काम नितेशला आजवर कोणी दिलं नव्हतं.

दोघांनी मिळून घाटकोपरच्या एका जुन्या लाकडाच्या वखारीतून दरवाजाची सागवानी फळी आणली. खिळ्यांची भोकं, कडीचा काळा डाग, सगळं तसंच ठेवलं. नितेशने आकार कापला, नेकचा दांडा बसवला. मग तारेच्या ब्रशने लाकूड घासलं. मऊ भाग निघतो, कडक रेषा वर उठून राहतात, हात फिरवला की समुद्राच्या वाळूसारख्या लागतात. फळीतून निघालेले गंजके खिळे त्याने महिनाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले होते. लाकडावर आधी कोऱ्या चहाचं पाणी, मग ते खिळ्यांचं पाणी. बघता बघता पिवळं सागवान करडं पडलं, उन्हापावसात वर्षानुवर्षं पडलेल्या होडीसारखं.

"गंमत बघ नित्या," काका म्हणाले होते, "जन्मभर मी गंजलेलं घासून नवं केलं. आता तू नव्याला गंज चढवतोयस, आणि मी भजी घेऊन बघायला येतोय."

"नवं नाहीये काका, दरवाजा आहे कोणाचातरी."

"कोणाचा रे?"

"माहीत नाही. पण कडी आतूनच लावायचा तो. डाग बघा ना."

"च्यायला. तू एसीवाला का पोलीस?"

असे रविवार. नोव्हेंबर ते मार्च. काका अकराला यायचे, दोनला जायचे. मीराताईंच्या, म्हणजे गेलेल्या बायकोच्या गोष्टी सांगायच्या, तिला गिटार आवडायची नाही, म्हणायची माणूस खाजवल्यासारखा वाजवतो. नितेशही बोलायचा. सोमवारपासून तो बोलायच्या गोष्टी साठवायचा. कुठल्या घरात एसीत पालीने अंडी घातली, कुठल्या बाईने त्याला बूट काढायला लावून मोजे बघून परत घालायला लावले. शनिवारपर्यंत त्याच्याकडे पाच-सहा गोष्टी जमायच्या.

शेवटच्या कामाचं काकांनी बजावून ठेवलं होतं. "लॅकरचे दोन हात. एक खालचा सीलरचा, एक वर बिनचमकीच्या मॅटचा. बस. तिसरा मारलास तर त्या रेषा भरतील. चौथा मारलास तर शोरूममधलं कपाट आणि ही, सारखंच."

आणि मग तो मंगळवार आला, लॅकर सुकलं, आणि करायला काहीच उरलं नाही.

पहिलं खोटं खपलं. पण पुढच्या रविवारी काय सांगणार? रंगाऱ्याला दोनदा थिनरची थाप चालत नाही. म्हणून नितेशने खोटं खरं करून टाकलं. रविवारी सकाळी दहा वाजता, जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून बनवलेला स्प्रे काढला आणि गिटारवर तिसरा हात मारला. अकराला काका आले तेव्हा खोलीभर वास. "मध्ये जरा डाग राहिला होता," नितेश म्हणाला, "परत मारावा लागला."

काका दुरून बघत राहिले. "प्रॅक्टिस सुरू झाली आमची," एवढंच म्हणाले. त्या दिवशी भजी आणली नव्हती. बाराला उठले.

त्याच्या पुढच्या रविवारी मॅट लॅकर संपलेलं. खोक्यात ग्लॉसी उरलं होतं. नितेशच्या हातात डबा होता आणि त्याला पूर्ण कळत होतं आपण काय करतोय. तरी मारलं. सहा एप्रिल होती.

काका आले. पंखा चालू, खिडकीतून ऊन थेट गिटारवर. काका दारातच थबकले. गिटार चमकत होती. करड्या रेषा सगळ्या काचेखाली गेल्यासारख्या, लांबून सनमायका.

"किती हात मारलेस?"

"दोन."

"नित्या, तीस वर्षं मी हेच मोजलंय."

नितेशने मान खाली घातली. "चार."

"का?"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. नितेश गिटारकडे बघत बोलला, "पूर्ण झाली असती तर तुम्ही आला नसता."

काका स्टुलावर बसले. गुडघा चोळायला लागले.

"काल प्रॅक्टिसला मी टाळ्या वाजवत बसलो, माहितीये? बेंजोवाला विचारतो, सीताराम, गिटार येतेय ना? मी म्हणतो, येतेय, पोरगं बारीक काम करतंय, घाई करून चालत नाही. बाजू घेतोय मी तुझी! आणि तू इथे..." त्यांनी हात झटकला. "आठ दिवस राहिले रे. ह्या बोटांना चाळीस वर्षं सवय नाही. मला हे तीन आठवडे पाहिजे होते."

"सॉरी काका."

"सॉरीचं काय लोणचं घालू? सांगायचंस ना सरळ. काका, गिटार झाली, पण येत जा."

"असं कोणी येतं का?"

"आणि तू कोणाकडे जातोस?" काकांचा आवाज एकदम चढला. "पाच महिने मी तो पूल चढतोय. माझे गुडघे बघ. तुला एकदा तरी वाटलं, की ह्या रविवारी आपण जाऊ? पार्कसाइट काय लंडनला आहे? माझं घर कुठलं, तुला माहीत तरी आहे?"

नितेशला माहीत नव्हतं. ते त्याला त्या क्षणीच कळलं. कोणी येत नाही, कोणी येत नाही, असं म्हणताना आपण कुठे जातो हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. काम असल्याशिवाय तो स्वतः कोणाच्या दारात कधी उभा राहिला होता?

काका उठले. शर्टाच्या बाह्या वर केल्या. "पॉलिश पेपर आण. पाणी आण."

दोन तास दोघं घासत होते. वरचे दोन हात निघाले, पण सगळीकडे सारखे निघेनात. कुठे चमक राहिली, कुठे पेपर खोल गेला आणि करडा रंगच उडाला, खालचं तांबूस सागवान उघडं पडलं. रेषांमध्ये पांढरी भुकटी बसली. ती तारेच्या ब्रशने काढली तर अजून चरे पडले. शेवटी गिटार धड जुनी दिसेना, धड नवी. सोललेली दिसत होती.

"परत रंग चढवू का? खिळ्यांचं पाणी आहे थोडं..."

"राहू दे. वेळ नाही." काकांनी ती नितेशच्या चादरीत गुंडाळली. दारात चप्पल घालताना म्हणाले, "मी आता येणार नाही."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. साधंच म्हणाले, उद्या पाणी येणार नाही म्हणतात तसं.

चादर द्यायला तरी येतील, असं नितेशला वाटत राहिलं. मंगळवारी संध्याकाळी दार वाजलं. तिशीतला एक माणूस, हातात धुऊन घडी घातलेली चादर.

"मी प्रबुद्ध. बाबांनी पाठवली."

"काका बरे आहेत?"

"बोटं सोलून घेतलीत. वाजवत बसतात." प्रबुद्धने खोलीत एक नजर टाकली. "चला, जय भीम."

"जय भीम," नितेश म्हणाला. चहा घेता का, हे विचारायचं त्याला सुचलं तेव्हा प्रबुद्ध कोपऱ्यावरून वळला होता.

बुधवारी भांडुपचा एक एसी उरकून तो विक्रोळीला उतरला आणि पूर्वेकडे जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. लोक धक्के मारून जात होते. "अरे चल ना पुढे!" कोणीतरी ओरडलं. तो पश्चिमेला, पार्कसाइटकडे वळला. चढावर तीन जणांना विचारलं, सीतारामकाका, गिटारवाले. तिसऱ्याने बुद्ध विहाराचा हॉल दाखवला.

आत सतरंजीवर पाच म्हातारे, भोवती बायका, पोरं, कोणी खुर्च्या पुसतंय, कोणी पताका कापतंय. चाळीसएक माणसं. काकांच्या मांडीवर ती गिटार. नितेश बूट काढून दाराशी उभा राहिला. काकांनी मान वर केली. बेंजोवाल्याने विचारलं, "कोण हा?"

"हाच तो," काका म्हणाले. "बारीक काम करणारा."

सगळे हसले. हसण्यात विष नव्हतं, पण नितेशचे कान तापले. वाटलं, उलट पावली जावं.

"उभा काय? माझ्या गिटारच्या वायरमध्ये खरखर आहे, बघ जरा," काका म्हणाले.

तो बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढून स्पीकरमागे जाऊन बसला. वायरच्या टोकाचा जॅक उघडला, तुटलेली तार जोडली. दहा मिनिटांचं काम. मग गाणं सुरू झालं. काकांची बोटं दोन ठिकाणी अडखळली, एकदा चक्क चुकीच्या पट्टीत गेली, आणि ढोलकीवाल्याने न थांबता "सीताराम!" अशी हाक मारली. काकांनी जीभ चावली, परत धरलं. उघड्या लाकडावर त्यांच्या मनगटाचा घाम लागत होता.

दीड तास नितेशशी कोणी बोललं नाही. एका बाईने चहाचा कप पुढे केला, तो कोणासाठी हे न बघता. नऊला सगळे उठले, घोळक्याने बोलत बाहेर पडले. काकांना पोरांनी घेरलं होतं. एक जण गिटारवरून बोट फिरवून विचारत होता, "आजोबा, ही तुमची जुनीच ना?" काका काय म्हणाले ते गलक्यात ऐकू आलं नाही.

नितेशने बूट घातले. दाराजवळ भिंतीला प्रॅक्टिसचा कागद चिकटवला होता. गुरुवार, सात वाजता. शुक्रवार, सात वाजता. शनिवार, सहा वाजता. त्याला ये म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि उतार उतरायला लागला.