घरचा विरोध

फिल्म काढायला आलेल्या मॅडमनं ओसरीतली लाल प्लास्टिकची खुर्ची स्वतः उचलून घरात नेली. मग दारातली मोटरसायकल मागं लावायला सांगितली. तरी कॅमेऱ्यातून पाहून तिचं समाधान होईना. स्लॅबचं घर तिच्या डोळ्यांत खुपत होतं.

"सर, हे घर नको. शेजारचा गोठा बरा दिसतो."

मग रंजिताला गोठ्यापुढं उभं केलं. दारात वाकून शिरावं लागेल एवढी उंच पोर, विद्यापीठाच्या निळ्या जर्सीत, हातात बॉल. अर्धा तांडा कामं टाकून पाहायला आला होता. तिची आई हंसाबाई कडेला पदर सावरून उभी होती. तिलाही कॅमेऱ्यापुढं बोलायचं होतं.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी रंजिता विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात गेली होती. आता बुटांची एक कंपनी साऱ्या विदर्भातून एकच पोरगी निवडणार होती. हॉस्टेल, खाणं, बूट, पुढचं शिक्षण, सगळा भार कंपनीचा. त्यासाठी ही फिल्म. यवतमाळहून कॉलेजचे सर मॅडमला त्यासाठीच घेऊन आले होते.

"सांग रंजिता, सुरुवात कशी झाली?" मॅडमनं विचारलं.

"माझ्या घरून खेळायला विरोध होता," रंजिता पाठ केल्यासारखं बोलली. "आई मला बाहेर निघू देत नव्हती. मी लपून खेळायला जायची."

हंसाबाईनं मान वर केली. क्षणभर तिला वाटलं, पोर दुसऱ्या कोणाचं सांगते आहे.

गर्दीत तांड्याच्या नायकाची बायको बिजलीबाई पदराआड हसली. आश्रमशाळेतून रंजिता पहिल्यांदा उमरखेडला खेळायला निघाली, तेव्हा पोरगी चड्डीत खेळते म्हणून याच बाईनं तांडा गोळा केला होता. नायकाच्या दारात, सगळ्या माणसांपुढं, हंसाबाई एकटी उभी राहिली होती. म्हणाली होती, "पोरीची चड्डी माह्या घरी धुतल्या जाते. तुमाले काहून वास येते?"

त्यानंतर तिला कोणी लग्नाचं बोलावणं दिलं नाही. होळीला बाया लेंगी गात फेर धरायच्या, तेव्हा ती आपल्या ओट्यावर बसून ऐकायची. एके काळी लेंगीची पहिली ओळ तिच्याशिवाय कोणी उचलत नसे.

सरांनी तिला बाजूला घेतलं.

"मावशी, तुम्ही फक्त म्हना, माह्यं चुकलं होतं, आता अभिमान वाटते."

"पन माह्यं कुठी चुकलं, सर?"

"मले मालूम हाय हो. पन ज्याच्या घरी सगळं बरं हाय, त्याले कोन पाहते? अकोल्याहून जी पोरगी उभी हाय, तिचा तर बाप मेला. तिच्यापुढं आपलं काय टिकते?"

हंसाबाईनं लेकीकडं पाहिलं. सरांना कळू नये म्हणून रंजिता आईला तांड्याच्या गोरबोलीत म्हणाली, "याडी, एवढं म्हण. खरं काय ते सगळ्यांना ठाऊकच आहे."

"कोणाला?"

रंजितानं बॉल जमिनीवर आपटला, झेलला, पुन्हा आपटला.

कॅमेरा वळला.

"मीच नाही म्हनत होती," हंसाबाई म्हणाली. "चुकलं माह्यं."

"छान," मॅडम म्हणाली. "पण थोडं कोरडं वाटलं, मावशी. पुन्हा एकदा? मनातून."

हंसाबाईनं गर्दीत बिजलीबाईला शोधलं. तिच्यावर नजर ठेवूनच ती बोलू लागली.

"पोरीच्या जातीनं मांड्या उघड्या टाकून पयाचं? लोकाइले तोंड कसं दाखवाचं? घरात कोंडा तिले, पाय तोडून ठेवा, असं म्हनो मी. अशा पोरीले कोनी सून करन का, म्हनो."

बिजलीबाईचं हसू विरलं. शब्द न् शब्द तिचा होता. हंसाबाईच्या गालांवरून पाणी ओघळलं, तरी ती थांबली नाही.

रंजिता खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधलेलीच होती.

"एकदम खरं वाटलं, मावशी!" मॅडम म्हणाली. "अगदी आतून आलं."

हंसाबाईनं डोळे पुसले नाहीत.

"अजून एक बार म्हनू का?" तिनं विचारलं.